हनुमानाची डिस्क कुणी ठेवायची?

प्लेस्टेशन टू, म्हणजे पीएस-टू हा टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल, सुरू केला की काळोख्या पडद्यावर धुकट निळे मनोरे उभे राहायचे. बहुतेकांना ती नुसती सजावट वाटायची. प्रत्यक्षात ते मनोरे ज्याचं यंत्र त्याचेच असत. मेमरी कार्डावर ज्या खेळांची नोंद साठलेली असेल त्या प्रत्येकाचा एक मनोरा, आणि जो खेळ जास्त वेळा खेळला त्याचा मनोरा जास्त उंच. नव्या यंत्रावर तिथे मोकळं रान असे, दोन-तीन वर्षं घासलेल्या यंत्रावर गाव वसलेलं दिसे. डिस्क ओरखडलेली निघाली की मात्र सगळा पडदा लालसर व्हायचा आणि खर्जातल्या आवाजाबरोबर ‘प्लेस्टेशनचीच डिस्क घाला’ अशा अर्थाची सूचना यायची. रात्री घरच्यांच्या नकळत खेळणाऱ्या पोराची त्या लाल पडद्याने उडालेली घाबरगुंडी कुणीही पीएस-टूवाला आजही रंगवून सांगेल.

सोनी कंपनीचं हे यंत्र ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. आता त्याने पंचविशी ओलांडली आहे. जगभरात १६ कोटींच्या आसपास नग खपले. खेळांसाठीचं दुसरं कुठलंही घरगुती यंत्र इतकं खपलेलं नाही. २००६ साली त्याचा वारसदार प्लेस्टेशन थ्री आला तरी म्हातारं थांबेना; उत्पादन बंद झाल्याची बातमी आली ती थेट जानेवारी २०१३ मध्ये. अशा यंत्राविषयी माणसं हळवी होतात यात नवल नाही. पंचविशीच्या निमित्ताने आठवणींचा पूर आला, आणि मी त्यात आनंदाने भिजलो. पण बहुतेकांची आठवण ‘काय दिवस होते ते’ इथे येऊन थांबते. त्या दिवसांतल्या वस्तू आता कुठे आहेत, कुणाकडे आहेत, आणखी वीस वर्षांनी त्या सुरू होतील का, हे प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते हे प्रश्न छंदी लोकांच्या हौसेवर सोडण्यासारखे नाहीत. पुस्तकं आणि सिनेमे सांभाळणाऱ्या सार्वजनिक संस्थांनी व्हिडिओ गेमही सांभाळले पाहिजेत, आणि कायद्याने त्यांना तशी मुभा दिली पाहिजे.

आपल्याकडे पीएस-टू कसा पोचला हे आधी मान्य करून टाकू. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत जी गेम पार्लरं निघाली, त्यांत ‘चिप लावलेला’ पीएस-टू असायचा. म्हणजे आतल्या पाटीवर एक छोटी चिप डाकलेली, जेणेकरून नकली डिस्कही चालावी. डिस्क मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून यायच्या, झेरॉक्स काढलेल्या मुखपृष्ठासकट. तासावर पैसे. दोघं खेळणार, चौघं मागे उभं राहून सल्ले देणार. कुस्तीचा ‘हिअर कम्स द पेन’, ‘टेकन’, ‘सॅन अँड्रियास’ आणि अर्थातच ‘क्रिकेट ०७’. या शेवटच्या खेळात भारतीय संघाचा परवाना कंपनीने घेतलेला नव्हता, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं वेडीवाकडी बदललेली. कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. सलामीला येणारा तो बुटका फलंदाज कोण, हे नाव वाचून ठरवायची गरज कुणाला होती?

‘क्रिकेट ०७’ आज विकत घ्यायचा म्हटला तर कुठे मिळेल? कुठेच नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये तो आला, त्यानंतर तो काढणाऱ्या ईए कंपनीने क्रिकेट सोडूनच दिलं. मंडळांचे परवाने आणि जाहिरातींचे करार सगळे कधीच संपले. ते पुन्हा गोळा करायचे तर वकिलांचा खर्च विक्रीतून निघणार नाही. म्हणजे हा खेळ कुणी रागाने गाडलेला नाही. त्याच्या मालकीचे तुकडे इतक्या हातांत विखुरले की तो पुन्हा विकणं कुणालाच परवडत नाही. व्हिडिओ गेम नाहीसे होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि त्यात खलनायक नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

शहरभर गाड्या पळवायच्या ‘सॅन अँड्रियास’चं उदाहरण आणखी बोलकं आहे. तो खेळ गाजला, विकला गेला, आजही विकला जातो. पण गाडीतल्या रेडिओवर लागणाऱ्या गाण्यांचे परवाने दहा वर्षांनी संपले आणि २०१४ मध्ये संगणकावरच्या आवृत्तीतून काही गाणी काढून टाकण्यात आली. २०२१ मध्ये नव्याने सजवलेली आवृत्ती आली, तेव्हा जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून उचलल्या गेल्या. नवी आवृत्ती इतकी सदोष निघाली की लोकांच्या आरड्याओरड्यानंतर संगणकासाठीच्या जुन्या आवृत्त्या परत ठेवाव्या लागल्या. २००४ साली पीएस-टूच्या डिस्कवर जे आलं होतं ते मात्र तसंच्या तसं डिस्कवर आहे. कंपनी त्या डिस्कपर्यंत पोचू शकत नाही.

जुन्या यंत्राचं खरं कौतुक करायचं ते इथे. त्याच्या २९५ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला आणि ३२ एमबी मेमरीला आज कुणी विचारणार नाही. पण डिस्क घातली की खेळ सुरू. खातं उघडा, पासवर्ड टाका, अपडेट उतरवून घ्या, सर्व्हरची परवानगी घ्या, यातलं काही नाही. अपवाद होते, पण सर्वसाधारणपणे खेळ डिस्कवर पूर्ण असायचा, चुकांसकट पूर्ण. मित्राला उसना देता यायचा, जुन्या बाजारात विकता यायचा. ८ एमबीचं ते मेमरी कार्ड खिशात घालून दुसऱ्याच्या घरी जायचं आणि आपली अर्धवट राहिलेली मालिका त्याच्या टीव्हीवर पुढे सुरू करायची, हा व्यवहार कुठल्याही कंपनीला न कळवता होत असे.

याच्याशेजारी २०१४ सालचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा खेळ ठेवून बघा. पैसे मोजून लोकांनी तो घेतला. एकट्याने खेळायचा असला तरी तो सर्व्हरला विचारूनच सुरू व्हायचा. तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले आणि कपाटातल्या त्याच्या डिस्क त्याच दिवशी निकामी झाल्या. यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिच्या नागरिक-अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे: खेळ बंद करा, पण ज्यांनी पैसे दिले त्यांना तो चालू ठेवता येईल अशा अवस्थेत सोडून जा. कॅलिफोर्नियाने निदान एवढं केलं की १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल माल विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगणं बंधनकारक केलं. हे झालं ग्राहकाच्या हक्काचं. माझा मुद्दा त्याच्या एक पायरी मागचा आहे, कारण ग्राहक मरतो, यंत्र मोडतं, आणि तरीही ती वस्तू कुठेतरी असायला हवी असते.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असं तिच्यात निघालं. पीएस-टूचा हिशेब वेगळा केला तरी मिळणारे खेळ जेमतेम १२ टक्के. लक्षात घ्या, हे सर्वाधिक खपलेलं यंत्र. त्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय!

आता आपल्या घरात येऊ. पीएस-टूवर भारतात बनलेलेही काही खेळ आले, हे गेम खेळणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये आला. पूर्णपणे भारतात तयार झालेला पीएस-टूवरचा हा पहिला खेळ. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्राचा ‘देसी अड्डा’ आला. त्यात कबड्डी, पतंग, विटीदांडू असले आपले खेळ. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचं गल्लीतलं क्रिकेट आलं, ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. २०११ मध्ये त्याच ट्राइनचा ‘रा.वन’. ‘डॉन २’ वरचा खेळ तर २०१३ मध्ये आला, म्हणजे यंत्राचं उत्पादन थांबल्याची बातमी येऊन गेल्यावर! जगात इतरत्र लोक पुढच्या यंत्राची वाट पाहत होते आणि आपल्याकडे या जुन्या, स्वस्त यंत्रासाठी अजून नवा माल बनत होता. मध्यमवर्गीय घराला परवडणारा कन्सोल कोणता होता हे एवढ्या एका गोष्टीवरून कळतं.

‘हनुमान’ चांगला होता का? अजिबात नाही. हालचाली ओबडधोबड, कॅमेरा भलतीकडे बघणारा, लढाया कंटाळवाण्या. परीक्षकांनी त्याला सोलून काढलं. वर अमेरिकेतल्या एका हिंदू नेत्याने, देवाला असं कंट्रोलरच्या बटणांवर नाचवणं हा अवमान आहे म्हणून तो मागे घ्यायची मागणी केली. पण थोडा विचार करा: देशातला पहिला प्रयत्न, पौराणिक विषय, यंत्र परदेशी, कारागीर नवखे, आणि वरून धर्मभावनेचा वाद. शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या एका नव्या माध्यमात आपल्याकडे काय घडलं, याची ज्याला थोडीफार माहिती आहे त्याला यात ओळखीचं काही दिसेल. दादासाहेब फाळक्यांनीही सुरुवात पुराणातूनच केली होती. त्यांची कला कुठे आणि हा खेळ कुठे, ही तुलना मी करत नाही. नवं माध्यम आपल्या मातीत पहिलं पाऊल कसं टाकतं, एवढंच बघतो आहे.

आणि फाळक्यांचं नाव निघालंच आहे तर पुण्याकडे जावं लागेल. तिथे १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. तोवर मूकपटांच्या काळातला बहुतेक ठेवा हातचा गेला होता. रिळांतली चांदी काढून घेण्यासाठी फिल्म विकल्या गेल्या, काही जळल्या, काही ओल लागून चिकटल्या. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, आज कुठेही नाही. प्रभातचा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ उरला हे आपलं नशीब. संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी फाळक्यांच्या कुटुंबाकडून ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं मिळवली, मधली गेलीच. नायरांचा खाक्या असा की चांगला-वाईट निवाडा करणं संग्राहकाचं काम नाही, सापडेल ते ठेवायचं. तेव्हाही ‘सिनेमा कसला जपायचा?’ म्हणून नाकं मुरडणारे होतेच. आज संशोधक, दिग्दर्शक, वकील सगळे त्याच कपाटांकडे धावतात.

गेमच्या बाबतीत आपण १९६४ च्याही आधीच्या टप्प्यावर उभे आहोत, म्हणजे वस्तू अजून हाताशी आहेत. पण त्या ठेवून घ्यायची व्यवस्था नाही. १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे, त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी. नंतर त्यात वर्तमानपत्रं आली. डिस्क, सॉफ्टवेअर, गेम यांचा त्यात विचार नाही, आणि १९५४ मध्ये तो असणं शक्यही नव्हतं. पण फ्रान्सने आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९९२ पासून अशा माध्यमांच्या प्रती जमा करायला लावल्या, व्हिडिओ गेम धरून. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने २००० मध्ये, म्हणजे पीएस-टू आला त्याच वर्षी, डिस्कवर येणारी प्रकाशनं जमा करण्याच्या यादीत घेतली आणि खेळही त्यात आले. तिथल्या कपाटात आज खेळ पुस्तकांसारखेच क्रमांक लावून ठेवलेले आहेत.

प्रत मिळाली तरी पुढचा अडसर आहेच, कारण डिस्क कायम टिकत नाही. तिच्यातला परावर्तक थर गंजतो, ओरखडे पडतात. जतन करायचं म्हणजे वेळीच नक्कल काढायची. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ५२(१)(एन) हे कलम आलं. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येईल, असं ते म्हणतं. अट एकच: ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत आधीपासून हवी. छापील पुस्तक स्कॅन करून ठेवण्यासाठी ही अट ठीक आहे. जो खेळ जन्मालाच डिजिटल आला, त्याची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून? डिस्क हातात धरता येते म्हणून ती त्या अटीत बसते, असा युक्तिवाद एखादा हुशार वकील करीलही. पण ग्रंथपालाने कोर्टाची पायरी चढायची तयारी ठेवून नक्कल काढावी, ही अपेक्षा चुकीची आहे. गंमत म्हणजे डिजिटल कुलपं तोडण्याबद्दलचं ६५-अ हे कलम बरंच समंजस आहे; ते हक्कभंगाचा हेतू बघतं. गाठ बसली आहे ती या एका अटीत, आणि ती सोडवायला दोन-तीन शब्दांची दुरुस्ती पुरेल.

‘एवढा खटाटोप कशाला? इंटरनेटवर सगळं मिळतं की,’ असं कुणीतरी म्हणणारच. मिळतं खरं. पीसीएसएक्स-टूसारखं एम्युलेटर, म्हणजे संगणकालाच पीएस-टू बनवणारं सॉफ्टवेअर, हौशी लोकांनी गेली वीसेक वर्षं खपून उभं केलं. त्यांचे उपकार कुठलीही संस्था फेडू शकणार नाही. नकली डिस्कवाल्यांनीही नकळत पुष्कळ काही वाचवलं, हे मी कबूल करतो. पण चाचेगिरी मागणीकडे बघून चालते. ‘गॉड ऑफ वॉर’च्या हजार नकला निघतील, ‘देसी अड्डा’ची एखादी निघाली तर निघाली. शिवाय ती नक्कल मूळच आहे की मधे कुणी काही बदललंय, तिच्यासोबतची पुस्तिका कुठे, कुणी कुठलं काम केलं, याची जबाबदारी घ्यायला कुणी नसतं. उद्या खटला झाला आणि साइट बंद पडली की तेही संपलं.

कंपन्यांचा आक्षेप वेगळा आहे: ग्रंथालयातून जुने खेळ मिळू लागले तर आमच्या नव्या सजवलेल्या आवृत्त्या कोण घेणार? मला हा आक्षेप अगदीच पोकळ वाटत नाही. जे खेळ आजही रीतसर विकले जात आहेत ते ग्रंथालयाने घरबसल्या वाटू नयेत, हे मान्य करायला हरकत नाही. पण अमेरिकेत ग्रंथालयांनी मागणी केली होती ती बाजारात नसलेल्या खेळांची, संशोधकांना दूरून बघता यावेत एवढ्यापुरती. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तीही नाकारली. लोक संशोधनाच्या नावाखाली करमणूक करतील ही भीती त्यामागे होती. आता कादंबरी घरी नेणाऱ्या वाचकाला ‘तुम्ही ही मजेसाठी तर वाचणार नाही ना?’ असं आमच्या गावच्या वाचनालयात कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

सरकारला या विषयात रस नाही असंही म्हणता येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत माध्यमं आणि करमणूक क्षेत्राची ‘वेव्हज’ परिषद थाटात झाली. ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी राष्ट्रीय संस्था मुंबईत सुरू झाली आहे, राज्याचंही या क्षेत्रासाठी धोरण झालं आहे. ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. म्हणजे गेम हा शब्द सरकारी कागदांत दोनदाच येतो, एकदा रोजगार म्हणून आणि एकदा व्यसन म्हणून. तिसऱ्या एखाद्या कागदात तो ठेवा म्हणूनही यायला हवा. त्या नव्या संस्थेत शिकायला येणाऱ्या मुलीला आपल्या आधी इथे कुणी काय बनवलं, कुठे फसलं, हे बघावंसं वाटलं तर तिने जुन्या बाजारात जाऊन चालू अवस्थेतला पीएस-टू शोधायचा का? आणि तो तरी किती दिवस सापडेल? डिस्क वाचणारी लेझरची काच आता बहुतेक यंत्रांत थकली आहे. डिस्क फिरते, खरखरते, आणि लाल पडदा येतो. ती काच बदलणारे, आतला बारीक स्क्रू अंदाजाने फिरवून तिला आणखी वर्षभर चालवणारे कारागीर हळूहळू मोबाइल दुरुस्तीकडे वळले. जपानमध्ये सोनी कंपनीची स्वतःची दुरुस्तीसेवाही २०१८ मध्ये बंद झाली.

यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प मंजूर व्हायला नको. पुण्याच्या संग्रहालयाकडे तापमान राखणाऱ्या खोल्या आहेत, नोंदी ठेवायची साठ वर्षांची शिस्त आहे. डिस्क फिल्मपेक्षा कितीतरी कमी जागा घेते. पीएस-टूच्या डिस्कवरचा मजकूर साध्या संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर अर्ध्या तासात उतरवता येतो. भारतात या यंत्रासाठी बनलेले खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ते बनवणारे बहुतेक जण अजून चाळिशी-पन्नाशीत. ऑरोना, गेमशास्त्रा, ट्राइन इथे ज्यांनी काम केलं त्यांच्या घरी जुन्या हार्ड डिस्क असतील, कागदावर काढलेली हनुमानाची रेखाटनं असतील, अर्धवट राहिलेल्या आवृत्त्या असतील. ते सगळं भंगारात जायच्या आत कुणीतरी संस्थेच्या शिक्क्याचं पत्र घेऊन त्यांच्या दारात जायला हवं, आणि ते पत्र काढायला कायदादुरुस्तीचीही वाट बघावी लागत नाही.